दादाचा पडदा

वहिनीचा फोन आला तेव्हा मी प्रयोगशाळेत होते. ती माझ्या कामाच्या वेळी कधी फोन करत नाही, म्हणून मी हातमोजे काढून बाहेर जिन्यात आले. तिने माझी तब्येत विचारली, तिकडची हवा विचारली, आणि मग सरळ म्हणाली की यंदाची सुट्टी जरा लवकर घे. दादा परदेशातली नोकरी कायमची सोडून घरी येऊन चार-एक महिने झाले होते. आल्या आल्या त्याने बैठकीच्या खोलीतल्या कोपऱ्यात पलंग ओढला, भोवती तार बांधली, तारेवर पडदा लावला, आणि तेव्हापासून तो त्या पडद्यामागे राहत होता.

"राहतो म्हणजे काय?" मी विचारलं.

"म्हणजे राहतात. बाहेर येतात, जेवतात, बाजारात जाऊन येतात, परत आत जातात आणि पडदा ओढून घेतात. मी हाक मारली तर आतून 'हं' येतं. आणि आता त्यांच्या फोरमनचा निरोप आलाय. आणखी एक कंत्राट आहे म्हणे, महिनाअखेर कळवा. बारके, हा माणूस परत जाईल. तू येऊन काहीतरी बोल त्यांच्याशी."

तिला कशाची भीती वाटत होती ते मला ठाऊक होतं. गेल्या उन्हाळ्यात दादा कामावर चक्कर येऊन पडला होता. हे त्याने आम्हाला सांगितलं नव्हतं, त्याच्या सोबतच्या एका माणसाने वहिनीला कळवलं. परत गेला तर पुढच्या वेळी काय कळवणार, एवढाच विचार तिच्या डोक्यात होता. मी पुढच्याच आठवड्याचं तिकीट काढलं.

दादाचं काम मोठमोठ्या कारखान्यांत असायचं. गरम वाफेच्या पाइपांना काचेच्या लोकरीसारखं आवरण गुंडाळायचं, त्यावर पत्रा चढवायचा आणि सांधे बंद करायचे, म्हणजे उष्णता बाहेर जात नाही. मी पदार्थांतून उष्णता कशी वाहते याचा अभ्यास करते. दादा सगळ्यांना सांगायचा की आम्ही बहीणभाऊ एकाच लाइनीत आहोत, फक्त बारकी गार खोलीत बसून करते.

आम्ही दोघंही घरातून गेलो ते वडील कामाला होते तो कारखाना बंद पडल्यानंतर. दादा आधी गेला. तो निघाला ती सकाळ मला अजून स्पष्ट दिसते. बॅगेची चेन तुटली होती म्हणून त्याने ती दोरीने बांधली, दोरीची गाठ पुन्हा सोडली, आतून रुमाल काढला आणि पुन्हा बांधली. त्याचा पासपोर्ट एजंटकडे होता, तिथे पोचल्यावर तो मालकाकडे गेला, आणि पुढची कैक वर्षं दादाने स्वतःचा पासपोर्ट फक्त विमानतळावर पाहिला. मी गेले तेव्हा विद्यापीठाने राहायची जागा बघून ठेवली होती, उतरल्यावर माझ्या नावाची पाटी धरून एक बाई उभी होती, आणि तिने मला विचारलं की प्रवासात दमला नाहीत ना.

एकदा आम्ही दोघं एकाच विमानाने घरी आलो होतो. ठरवून नव्हे, मधल्या विमानतळावर अचानक भेट झाली. दादा सारख्या टोप्या घातलेल्या माणसांच्या घोळक्यात जमिनीवर बसला होता आणि एकेकाचे कागद भरून देत होता. मी एका परिषदेहून येत होते, त्यामुळे माझं तिकीट पुढच्या भागातलं होतं. विमान वर गेल्यावर मी मागे जाऊन त्याच्या खुर्चीच्या हातावर बसले. त्याच्या आजूबाजूच्या माणसांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मुख्याध्यापिकाच वर्गात आली आहे. दादाला आनंद झाला होता, पण तो सारखा म्हणत होता, "जा पुढे, तुझं जेवण गार होईल." मग शेजारच्याला म्हणाला, "पुढे खऱ्या काट्या-चमच्यांनी जेवायला देतात." मी तो काटा त्याच्यासाठी खिशात घालून आणला. तो काटा घरात बरीच वर्षं होता आणि त्याने कधीच काही खाल्लं गेलं नाही.

घर त्यानेच बांधलं. लहानपणी आम्ही चौघं एका खोलीत राहायचो. खोलीतच चूल, खोलीतच माझा अभ्यास, आणि निजायची वेळ झाली की भांडी पलंगाखाली सरकवून अंथरुणं पसरायची. कुणी कूस बदलली की सगळ्यांना बदलावी लागे. दादाला तिथे परदेशातही एका खोलीत आठ जणांत राहावं लागलं, म्हणून की काय, घराच्या बाबतीत त्याचा एकच हट्ट होता: प्रत्येकाला वेगळी खोली. दर सुट्टीत एक खोली वाढायची. वडील तोवर नव्हते. आईची झाली, दादा-वहिनीची झाली, मग वरच्या मजल्यावर त्यांच्या मुलीची आणि माझी. माझ्या खोलीसाठी त्याने फोनवरून माझ्या टेबलाची उंची विचारून घेतली होती. भिंती जाड आणि दारं भक्कम. "कुणाचं कुणाला ऐकू येता कामा नये," असं तो गवंड्याला तिकडून सांगायचा, आणि वहिनी इकडे उभी राहून ते करून घ्यायची.

घर पुरं झालं तोवर आई गेली होती. मुलगी दुसऱ्या शहरात शिकायला गेली होती. मी कधीतरी येऊन दोन आठवडे वर राहायची. एवढ्या सगळ्या खोल्यांत वहिनी एकटीच राहत होती.

मी पोचले तेव्हा दादा दाराशी आला, माझी बॅग उचलून वर ठेवली, प्रवासाचं विचारलं, हसला. चहा झाल्यावर कप धुऊन पालथा घातला आणि आत गेला. पडदा सरकल्याचा आवाज आला. वहिनीने माझ्याकडे पाहिलं. बघितलंस, असं त्या नजरेत होतं.

दुसऱ्या दिवशी त्यानेच मला पडदा दाखवला. गडद निळ्या चादरीला दुसरी चादर आतून जोडून हाताने शिवलेला, उजेड येऊ नये म्हणून दुहेरी. आत उशीपाशी कापडी कप्पे होते. एकात चष्मा, एकात दाढीचं सामान, एकात औषधं. पायाशी विजार टांगायचा हुक, डोक्यावर छोटासा पंखा. पडल्या पडल्या हात लांब केला की सगळं मिळत होतं आणि एकही वस्तू जास्तीची नव्हती. मला ते इतकं नेटकं वाटलं की मी वहिनीची बाजू घ्यायला आले आहे हे क्षणभर विसरले.

मी मला येतं तसंच करून पाहिलं, एका वेळी एकच गोष्ट बदलायची. आधी त्याला म्हटलं की पलंग तसाच्या तसा आतल्या खोलीत नेऊ, पडद्यासकट. नेला. तो तिथे एक दिवस पडून राहिला आणि दुसऱ्या दिवशी पलंग पुन्हा बैठकीत. मग पडदा तिथेच ठेवून पातळ कापड लावून पाहिलं. त्याने काही न बोलता जुना लावला. वहिनी म्हणाली, "तुझी शाळा बंद कर. मी सरळ ओढून काढून टाकते." तिने तेही आधी करून पाहिलं होतं. ती पडदा बाजूला करायची आणि दादा असा दचकून उठून बसायचा की तिलाच अपराधी वाटायचं.

तो रोज सकाळी फिरायला जायचा. सहाव्या दिवशी मीही बरोबर गेले. फिरणं म्हणजे फक्त आमच्या रस्त्याच्या टोकापर्यंत जाणं होतं. तिथे एक मोठी इमारत चढत होती. आमच्या भागातली कामाची माणसं दादासारखीच बाहेर गेलेली, त्यामुळे इथल्या बांधकामावर दुरून, कुठल्या कुठल्या मुलखांतून आलेली माणसं होती. ती तळमजल्यावर सिमेंटच्या पोत्यांच्या आडोशाला राहत. दादा कठड्याशी उभा राहून त्यांच्याकडे पाहत होता. आत कुणीतरी तांदूळ धूत होतं, कुणी आरसा खिळ्याला अडकवून दाढी करत होतं.

तिथे उभं राहून त्याने मला पहिल्यांदा त्याच्या तिकडच्या खोलीबद्दल सांगितलं. मी विचारलंही नव्हतं. खोलीत दोन मजली पलंग होते आणि प्रत्येकाला पडदा. पडदा लावलेला असला की तो माणूस घरी नाही असं समजायचं. हाक मारायची नाही, हलवायचं नाही, त्याच्याबद्दल बोलायचंही नाही. कुणाच्या घरून वाईट बातमी आली आणि पडद्याआडून रडणं ऐकू आलं, तर एक जण उठून चहा करायचा, कप पडद्याखालून आत सरकवायचा आणि परत जाऊन झोपायचा. दुसऱ्या दिवशी कप धुऊन जागेवर ठेवलेला असायचा, तो विषय तिथेच संपला. नवा माणूस आला की हे सगळं त्याला दादा शिकवायचा. सर्वांत जुना तोच होता.

मी विचारलं, "मग वहिनीशी फोनवर कुठून बोलायचास?"

"पडद्यातूनच. दुसरी जागा कुठे होती?"

"सगळे ऐकत असतील."

"ऐकायचे नाहीत. ऐकत नसल्यासारखे पडून राहायचे, ते जास्त अवघड." तो हसला. "सात माणसं गप्प पडलेली आणि मी काय बोलणार? बरी आहेस ना, मुलगी बरी आहे ना, ठेवू का. पण ती बोलायची. मी पडदा लावून, दिवा घालवून फोन कानाला धरायचो. तिचं बोलणं फक्त मला ऐकू यायचं, दुसऱ्या कुणाला नाही. आज काय झालं, दूधवाला काय म्हणाला, गवंड्याशी कशी भांडली. बारके, तेवढी एकच जागा होती जिथे ती माझ्याशी बोलायची. इथे ती दिवसभर समोर दिसते, पण तसं बोलत नाही."

दुपारी जेवणं झाल्यावर स्वयंपाकघरात मी ते वहिनीला सांगितलं. ती भांडी पुसत होती. पुसायची थांबली.

"सात माणसं?" ती म्हणाली.

"त्यांना फक्त त्याचं ऐकू यायचं. तुझं नाही."

"आणि मी इतकी वर्षं ह्यांना म्हणत आले, तुम्ही फोन करता की तार पाठवता." ती हसायला लागली, आणि हसता हसता तिने पदराने डोळे टिपले. मग रागावली. एवढी साधी गोष्ट, म्हणाली, एवढ्या वर्षांत एकदा सांगता आली नाही? एकदा सुट्टीवर आल्यावर सांगायची होती. मी म्हटलं, त्याला ती सांगण्यासारखी वाटली नसेल, ज्याच्यात रोज राहायचं ते कोण सांगतं. खरं तर हे मी स्वतःबद्दल बोलत होते. माझी तिकडची तीन खोल्यांची जागा, जिथे भिंतीपलीकडे कोण राहतं ते मला ठाऊक नाही, तिच्याबद्दलही मी घरी कधी काही सांगितलेलं नाही.

वहिनीने फडकं खुंटीला लावलं. भाजीची टोपली उचलली, खुर्ची घेतली, आणि बैठकीत जाऊन पडद्याला पाठ करून बसली. मी जिन्यात होते. वर जायला हवं होतं, पण पाय निघाला नाही.

"ऐकताय ना?" वहिनी फोनवर बोलायची त्या आवाजात म्हणाली. तो आवाज मलाही ओळखीचा होता, जरासा वरचा, घाईचा. आतून "हं" आलं. मग ती बोलत राहिली. भाजीवाल्याने कालची जुडी आज पुन्हा खपवली. समोरच्या घराचं कुलूप गंजलंय, त्यांच्या मुलाला कळवायला हवं, पण तो कुठल्या देशात असतो आता कोण जाणे. मुलीच्या परीक्षा संपल्या आणि तिने केस कापलेत, तुम्हाला सांगू नको म्हणालीय. आत दादा हसल्याचं ऐकू आलं.

शेंगा मोडत मोडत तिने मधेच विचारलं, "तुम्हाला परत का जायचंय?"

आत पलंग करकरला. मग दादा म्हणाला, "जायचं नाहीये. इथे जमत नाहीये."

"काय जमत नाहीये?"

"इतक्या खोल्या बांधल्या मी. डोळे मिटले की कुणाचा श्वास ऐकू येत नाही. तिकडे नवा माणूस आला की त्याला पलंग दाखवण्यापासून सगळं मी बघायचो. इथे कप कुठे ठेवायचा ते मला तुला विचारावं लागतं. तू सगळं चालवतेस. मी आलो काय, गेलो काय."

वहिनीचे हात थांबले. "मलाही भीती वाटते हो," ती म्हणाली. "फोनवर तुमचं तोंड दिसत नसायचं, म्हणून बोलायची. आता समोर बसलात की काय बोलावं ते सुचत नाही. म्हणून मी कामं काढत बसते." मग म्हणाली, "हा पडदा आहे म्हणून आज बोलले."

मी वर गेले. खाली त्यांचं बोलणं चालूच होतं. उन्हं उतरली, चहाची वेळ झाली, तरी कुणी उठलं नाही, आणि मीही खाली गेले नाही.

दोन दिवसांनी वहिनी वर माझ्या खोलीत आली. दार लोटून घेतलं आणि कॉटवर बसली. कोपऱ्यावरच्या बांधकामाच्या ठेकेदाराला भेटून आल्याचं तिने सांगितलं. तिथली माणसं पोत्यांत झोपतात, पाणी नाही, संडास नाही. चौघांना वरचा मजला भाड्याने द्यायचा तिचा विचार होता. मुलीला फोनवर विचारलं होतं, तिची हरकत नव्हती.

"तुझी खोलीही लागेल," ती म्हणाली. "ते तुला कधीच विचारणार नाहीत, म्हणून मी विचारते."

मी खोलीकडे पाहिलं. माझ्या उंचीचं टेबल. त्याच्याशी बसून मी आयुष्यात फार तर तीन-चार शोधनिबंध लिहिले असतील. पुस्तकांसाठी भिंतीत काढलेली फळी, जिच्यावर माझी कॉलेजातली पुस्तकं होती. सकाळचं ऊन टेबलावर डावीकडून यावं म्हणून दादाने खिडकी मूळ जागेवरून हलवायला लावली होती. मी "हो" म्हणायला वेळ घेतला.

"तू काय कायमची येणारेस?" वहिनीने विचारलं. टोमणा नव्हता, खरंच विचारत होती.

मी नाही म्हणून मान हलवली. मला यायची गरज नव्हती. त्या देशाने मला कागद दिले होते, पाहिजे तेवढी वर्षं राहा म्हणाला होता. दादाने त्याच्या देशात कितीही वर्षं काढली असती, कितीही पाइप गुंडाळले असते, तरी शेवटी कंत्राट संपलं की त्याला यावंच लागणार होतं. तो परत यायचा म्हणून हे घर बांधलं गेलं. माझ्या पैशांतून या रस्त्यावर एक वीटसुद्धा लागली नाही. मी तिकडे जागा घेतली.

"दे," मी म्हणाले.

दादाला कळलं तेव्हा तो पडदा सरकवून थेट स्वयंपाकघरात आला. इतकं रागावलेलं मी त्याला क्वचित पाहिलं होतं. ती बारकीची खोली आहे, म्हणाला, तिच्यासाठी मी खिडकी सरकवून घेतली, आणि तुम्ही तिथे भाडेकरू घालता. मी म्हटलं की मीच दे म्हणाले.

"आणि तू आल्यावर कुठे झोपशील?"

"बघू."

"बघू काय? घरात बहिणीला जागा नाही असं झालं मग."

"दादा, मी वर्षातून दोन आठवडे येते."

तो भिंतीला टेकून उभा राहिला. मग त्याने विचारलं ते चौघं कुठले आहेत. वहिनीने सांगितलं. वयाने किती? तिने सांगितलं. त्यातला एक रात्रपाळीला असतो, हेही सांगितलं.

"रात्रपाळीवाल्याला खिडकीची खोली देऊ नका," दादा म्हणाला. "दिवसा उजेड येईल. झोप होणार नाही त्याची." आणि तो बाहेर गेला.

चौघं आले तेव्हा मी पुस्तकं खोक्यात भरत होते. एक लोखंडी पेटी, दोन बादल्या, गुंडाळलेल्या गाद्या, एवढंच सामान होतं. दादा त्यांच्यापुढे जिना चढला. पाणी कधी येतं, गॅस कुठे बंद करायचा, चपला कुठे काढायच्या, हे तो त्यांना हातवारे करून, त्यांच्या भाषेतले चार शब्द आणि आपले दहा शब्द मिसळून सांगत होता. त्या सगळ्यांची भाषा त्याला येत नव्हती, पण तिकडच्या खोलीतही आठ जणांच्या पाच भाषा होत्या. मग तो खाली आला आणि वहिनीकडे शिवणाची पेटी मागितली. चौघांना चार पडदे लागतील, म्हणाला. वहिनीने पलंगपोसांची थप्पी आणून त्याच्यापुढे ठेवली आणि ती त्याच्या शेजारी सुई ओवायला बसली.

फोरमनला काय कळवलं, हे तिने त्या वेळी विचारलं.

"कळवलं काल," दादा दोरा तोडत म्हणाला. "म्हटलं, घरी माणसं राहायला येतायत. निघता येत नाही."

तिने सुईवरून डोळे वर केले नाहीत. मीही खाली आणलेल्या पुस्तकांच्या खोक्याला दोरी बांधत राहिले. ते खोकं मी वर पलंगाखाली ठेवणार होते, पण आता तिथे कुणाची तरी पेटी असणार होती, म्हणून कॉलेजातली एक वही तेवढी बॅगेत टाकली आणि बाकीचं जिन्याखाली सरकवलं.

परत गेल्यावर माझं काम सुरू झालं. सुट्टीच्या एका दुपारी, घरची आठवण आली म्हणून, काही काम नसताना मी दादाचा नंबर लावला. पलीकडून अनोळखी आवाज आला. मागे पाणी पडत होतं, कुणीतरी जिन्यावरून खाली धावत होतं, कुणीतरी मोठ्याने काहीतरी विचारत होतं.

"दादाला द्या," मी म्हटलं. "मी त्याची बहीण."

तो माणूस जरा थांबला. मग मोडक्यातोडक्या मराठीत, प्रत्येक शब्द जपून ठेवत म्हणाला, "दादा वहिनीशी बोलतात. मध्ये हाक नाही मारायची. नंतर करा."

मी बरं म्हटलं. फोन ठेवायच्या आधी त्याने विचारलं की तिकडे किती वाजले, तुम्ही जेवलात का. मी हो म्हणाले. जेवण अजून झालेलं नव्हतं.